गावातल्या एकट्या म्हाताऱ्यांची यादी कोणाकडे आहे?

गोव्यातल्या 191 ग्रामपंचायतींचे सरपंच, उपसरपंच आणि पंच यांस,

सप्रेम नमस्कार.

डिचोली तालुक्यातल्या एका गावात गेली सव्वीस वर्षे मी औषधांचे दुकान चालवते. गावात त्याला फार्मसी म्हणतात आणि मला फार्मसीवाली वयनी. हे पत्र मुख्यमंत्र्यांना लिही, असे नवऱ्याचे म्हणणे पडले. पण मुख्यमंत्र्यांना लिहिणारे पुष्कळ आहेत. तुमच्याकडे लोक येतात ते गटार तुंबले म्हणून, रस्त्यावरचा दिवा लागत नाही म्हणून, शेजाऱ्याने कुंपण हातभर पुढे सरकवले म्हणून. माझा विषयही त्याच टप्प्यातला, या दारापासून त्या दारापर्यंतचा. तेव्हा तुम्हालाच लिहिते.

मे 2021 मधले तौक्ते वादळ आठवा. कोविडची दुसरी लाट ऐन भरात, आणि त्यात 16 तारखेच्या रविवारी माड कोसळले, खांब वाकले, तारा रस्त्यावर लोळू लागल्या. आमच्या वाड्यावर वीज यायला चार दिवस लागले. दुकानात इन्व्हर्टर होता, शिवाय नवऱ्याने कुठूनसा एक छोटा जनरेटर पैदा केला, म्हणून माझा औषधांचा फ्रिज तेवढा चालू राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी एक आजोबा छत्रीखाली स्टीलचा डबा धरून आले. डब्यातल्या बर्फाचे पाणी झालेले, आणि त्या पाण्यात प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेल्या इन्सुलिनच्या दोन कुप्या. "दवरशी गे?" एवढेच म्हणाले. ठेवल्या. वापरात असलेली कुपी काही दिवस बाहेर राहिली म्हणून लगेच बिघडत नाही, पण न उघडलेल्या कुप्यांना 2 ते 8 अंश लागतात, आणि मे महिन्यात आमच्या घरांत दुपारी काय तापते ते तुम्ही जाणताच. संध्याकाळपर्यंत बातमी वाड्यावाड्यांत पोचली. तिसऱ्या दिवशी माझ्या फ्रिजमध्ये चौदा घरांचे इन्सुलिन होते. प्रत्येक पिशवीवर चिकटपट्टी लावून मी मार्करने लिहीत गेले: कोणाचे, कुठला वाडा, सकाळी किती, रात्री किती, न्यायला कोण येणार.

शेवटच्या प्रश्नाशी गाडी अडायची. "न्यायला कोण येणार?" "मीच येईन." "तुम्हाला बरे नसले तर?" यावर माणसे नुसतीच हसायची.

वीज आल्यावर पिशव्या ज्याच्या त्याला दिल्या आणि चिकटपट्ट्यांवरची नावे एका वहीत उतरवून ठेवली. चौदा जणांतले नऊ साठीच्या पुढचे. त्या नवांतल्या पाच जणांच्या घरात एक तर दुसरे माणूसच नाही, किंवा आहे ते तितकेच थकलेले. ही माणसे वर्षानुवर्षे माझ्याच हातून औषधे नेत होती. कोणाला कुठली गोळी, हे मला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता आले असते. पण रात्री पाय घसरून पडली तर त्यांची हाक ऐकायला घरात कोणी नाही, हे मला ठाऊक नव्हते.

म्हणून विचारते. पंचायतीत घरपट्टीचे रजिस्टर आहे, जन्ममृत्यूचे आहे, परवान्यांचे आहे. मतदारयादी तर उमेदवाराला तोंडपाठ असते; कोणाचा मुलगा कुवेतला आहे आणि मतदानाला येणार नाही, इथपर्यंत. गावात एकटी राहणारी पंचाहत्तरीपुढची माणसे किती, हे लिहिलेला कागद कोणाकडे आहे?

थोडे आकडे सांगते. 2011 च्या जनगणनेत देशात साठीपुढच्या माणसांचे प्रमाण 8.6 टक्के होते आणि गोव्यात 11.2 टक्के. राज्यांमध्ये आपल्या पुढे होता तो फक्त केरळ, 12.6 टक्क्यांवर. साडेचौदा लाखांच्या गोव्यात एक लाख त्रेसष्ट हजारांच्या आसपास ज्येष्ठ, तेही तेव्हा. त्यानंतर जनगणनाच झाली नाही, आता ती 2027 मध्ये आहे. दुसऱ्या टोकाला पाळणे पाहा. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्याचा जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुले, 1.3 निघाला. आईबापांच्या जागी तितकीच माणसे उभी राहायची तर हा आकडा 2.1 च्या आसपास लागतो. म्हणजे माझ्या सासूबाईंच्या पिढीला पाच-पाच, सहा-सहा मुले, माझ्या पिढीला दोन, आणि माझ्या मुलीच्या मैत्रिणींना एक किंवा एकही नाही. मी सत्तरीला पोचेन तेव्हा माझ्या वाट्याला किती हात येणार, याचा हिशेब मला बोटांवर करता येतो. एका हाताची बोटेही पुरून उरतात.

त्यात घरातले तरुण घरात नाहीत. आमच्या खाणपट्ट्यात 2012 मध्ये खाणी बंद पडल्या, मध्ये चालू झाल्या, 2018 मध्ये पुन्हा बंद. ट्रकांवर उभी राहिलेली घरे ट्रक विकून पुण्याला, बंगळुरूला, आखातात पांगली. सासष्टी-बार्देशात पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला गेलेल्यांची घरे कुलूपबंद, किंवा त्याहून वाईट म्हणजे अर्धी उघडी: वरचा मजला बंद, खाली आईबाप. चवथीला सगळे येतात. माटोळी बांधतात, फुगड्या होतात, पाच दिवस घराला श्वास घ्यायला फुरसत नसते. चवथीच्या आदल्या दिवशी माझ्या दुकानात पुण्याहून, दुबईहून आलेल्या मुलांची रांग लागते आणि प्रत्येकाचा प्रश्न एकच: "वयनी, आईला गोळ्या कुठल्या चालू आहेत?" हसू येते, पण त्या पोरांना मी दोष देत नाही. महिन्याच्या महिन्याला पैसे पाठवतात, फोन करतात. एक मुलगा मस्कतहून मलाच जीपे करतो आणि खाली लिहितो, "बाबा दुकानावर आले तर चालताना झोक जातो का बघशील?" मी बघते. झोक जातो. तसे कळवते. पुढे काय करायचे ते त्याला कळत नाही आणि मलाही कळत नाही.

आता गोळीच्या रंगाची गोष्ट. आरोग्य केंद्रात रक्तदाबाची गोळी फुकट मिळते, चांगलीच मिळते. पण पुरवठादार बदलला की गोळीचा रंग बदलतो. आमच्या वरच्या वाड्यावरच्या एका आजींना अनेक वर्षे तांबडी गोळी मिळे. एका महिन्यात पांढरी आली. आजींचे वाचन तारखेच्या कॅलेंडरापुरते, आणि घरात विचारायला कोणी नाही. त्यांनी मनाशी ठरवले की ही नवी गोळी नव्या दुखण्याची असणार. आधीची तांबडी थोडी उरली होती. दोन्ही घेत राहिल्या. अकराव्या दिवशी अंगणात तुळशीपाशी चक्कर येऊन पडल्या, मनगट मोडले. नंतर पिशवीतून दोन्ही पाकिटे काढून माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाल्या, "बाय, ही गुळी आदीं तांबडी आशिल्ली. आतां धवी कित्याक?" मी पाकिटे उलटून पाहिली. एकच औषध, एकच मात्रा.

यात चूक कोणाची म्हणाल? डॉक्टरांनी बरोबर लिहिले, फार्मासिस्टने बरोबर दिले, पुरवठादाराने बरोबर पाठवले. महिन्यातून एकदा त्या घराच्या ओसरीवर बसून औषधाचा डबा उघडणारे माणूस असते, तर ते मनगट शाबूत राहिले असते. मला जे मागायचे आहे ते हेच, बाकीचा सगळा मजकूर त्याच्या आजूबाजूचा आहे.

सरकारने काही केले नाही असे मी म्हणणार नाही. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेने गोव्यातल्या म्हाताऱ्या माणसाला, विशेषतः बाईला, आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावाचे पैसे दिले. बँकेचे पासबुक कमरेच्या पिशवीत जपून ठेवणाऱ्या आज्या मी पाहिल्या आहेत. केंद्राची वृद्धापकाळ पेन्शन साठीनंतर महिना 200 रुपये आणि ऐंशीनंतर 500 यावर कित्येक वर्षे अडकून पडली आहे. तिच्यापुढे आपल्या राज्याचे 2000 खरोखर मोठे. पण हे 2000 होऊनही आता दशक उलटून गेले. दुकानाच्या भाषेत सांगते. रक्तदाब, साखर आणि थायरॉइड अशी तीन दुखणी असलेल्या माणसाचे महिन्याचे बिल हजाराच्या पुढे सहज जाते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दिवसाला तीन डायपर धरले आणि एकाला 35 रुपये, तर महिन्याचे तीन हजार दीडशे झाले. तेव्हा घरातल्या बायका दोनच वापरतात. मग पाठीला जखमा होतात, आणि त्या जखमांचे मलमही माझ्याचकडून नेतात. धंदा म्हणून पाहिले तर माझे बरे चालले आहे.

पैसे चालू राहावेत म्हणून वर्षातून एकदा आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. नियम योग्यच आहे, नाहीतर मेलेल्यांची पेन्शन कोणीतरी खात बसते. पण गेल्या साली आमच्या ओळखीच्या एका अंथरुणावरच्या बाईंना मारुती व्हॅनमध्ये आडवे घालून एका कचेरीत न्यावे लागले, कारण मशीन बोटांचे ठसे घेईना. जन्मभर शेतात राबलेल्या, मग घराघरांत भांडी घासलेल्या बोटांना रेषा कुठल्या उरणार? कचेरीचे नाव लिहीत नाही. तिथला कारकून भला होता, जिना उतरून खाली आला, व्हॅनच्या खिडकीतून बाईंना पाहिले आणि म्हणाला, "असा, असा, जिव्या असा." म्हणजे आहेत, जिवंत आहेत. हेच त्याला, किंवा तुमच्यापैकी कोणाला, बाईंच्या घरी जाऊन पाहता आले असते. चेहरा दाखवून दाखला द्यायची सोय पेन्शनवाल्यांसाठी मोबाईलवर आली आहे. मोबाईल घेऊन घरी जाणारे माणूस तेवढे नाही.

आजारपणाच्या कार्डांचेही तसेच. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना 2016 पासून आहे: तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, मोठ्या कुटुंबाला चार लाख. ऑक्टोबर 2024 पासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, केंद्राचे पाच लाखांचे वय वंदना कार्ड. ही कार्डे इस्पितळाच्या दारात चालू होतात. खुब्याचे हाड मोडलेल्या आजोबांचे ऑपरेशन फुकट होते, झकास होते, दहा-बारा दिवसांत ते घरी येतात. घराला तीन पायऱ्या, संडास मागच्या अंगणात, आजीचे वजन चाळीस किलो. तिथून पुढचे तीन महिने कुठल्याच कार्डावर नाहीत.

आता घरचेच सांगते, कारण लोकांच्या घरातले सांगायचे आणि आपले झाकायचे हे बरे नव्हे.

माझ्या सासूबाई शहाऐंशी वर्षांच्या. चार वर्षांपूर्वी त्यांना संध्याकाळची घाई होऊ लागली. दिवेलागणीला लुगडे सारखे करतात, पिशवी घेतात आणि म्हणतात, "सारमानसच्या धक्क्यावर जायचंय, गॅसोलीन सुटेल." पणजीला जाणारी ती लाँच त्यांच्या तरुणपणातली. सुरुवातीला आम्ही समजावत होतो की आई, तसली लाँच आता नाही. त्या रडायच्या, मग मी चिडायची, मग मी रडायची. गावात सगळे म्हणाले, वय झाले की असेच. मी औषधांच्या दुकानात बसणारी, मीही दीड वर्ष तेच म्हणत राहिले. गोव्यातच झालेला आणि 2001 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे, त्यात नेमके हेच नोंदवले आहे: स्मृतिभ्रंशाची लक्षणे इथल्या लोकांना ओळखू येतात, पण तो आजार आहे असे वाटत नाही, म्हातारपणाचाच भाग वाटतो. अभ्यास जुना झाला, आमचे घर काही पुढे सरकले नाही.

आणि उपायही गोव्यातच सापडलेला आहे, हे मला फार उशिरा कळले. गोवा मेडिकल कॉलेजचे डॉ. अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांच्या 81 कुटुंबांबरोबर सहा महिने काम केले, ते 2008 साली छापून आले. डॉक्टर किंवा नर्स नव्हे, इथल्याच साध्या माणसांना शिकवून घरोघर पाठवले. आजार म्हणजे काय ते घरच्यांना समजावायचे, रुग्णाशी वाद न घालता कसे वागायचे ते दाखवायचे, कुठली सरकारी मदत मिळते ते सांगायचे. सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण त्यातून कमी झाला. सांभाळणारी म्हणजे कोण, ते तुमच्या घरात पाहा. सून, मुलगी, बायको. पुढे 2019 मध्ये आणखी एक काम प्रसिद्ध झाले, तेही गोव्यातलेच. साठीपुढची, मन खचत चाललेली 181 माणसे घेतली आणि पुन्हा साध्याच, शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांना अर्ध्या जणांशी बोलायला पाठवले. वर्षभरात ज्यांच्याकडे समुपदेशक गेले त्यांच्यात नैराश्याचा आजार जडला 4.4 टक्क्यांना, आणि ज्यांना नेहमीचेच उपचार मिळाले त्यांच्यात 14.4 टक्क्यांना. जगभरचे डॉक्टर हे वाचतात. आमच्या पंचायतीच्या फलकावर मात्र मी कधी पाहिले नाही.

आमच्याकडे असे कोणी आले नाही. एका पुस्तिकेतून आणि फोनवरून मीच शिकले. आता सासूबाई निघाल्या की मीही चपला घालते. गेटापर्यंत जातो, मी म्हणते गॅसोलीनला अजून वेळ आहे, चहा घेऊन जाऊ. त्या परत येतात. मध्यंतरी चोवीस तासांची बाई ठेवून पाहिली, महिना बावीस हजार आणि जेवण. चार महिन्यांत तिला चांगली नोकरी मिळाली, ती गेली. बिचारीचे तरी काय चुकले.

तर मागणी अशी. प्रत्येक पंचायतीने एक घरभेट कार्यकर्ती नेमावी. गावातलीच, बारावी झालेली, बोलकी, दुचाकी चालवणारी. तीन महिन्यांचे प्रशिक्षण आरोग्य केंद्रात. काम एवढेच की यादीतल्या प्रत्येक घरी महिन्यातून निदान एकदा जायचे, जिथे माणूस एकटे आहे तिथे आठवड्याला. गोळ्यांचा डबा पाहायचा, रक्तदाब मोजायचा, हयातीचा दाखला मोबाईलवर घ्यायचा, न्हाणीघराची फरशी निसरडी झाली असेल तर घरमालकाला टोचायचे. आणि बसायचे, घोटभर चहा होईपर्यंत. अंगणवाडीच्या बाईंवर हे लादू नका. त्यांच्यावर आधीच इतकी रजिस्टरे आहेत की मुलांना खिचडी वाढायला हात उरत नाही.

पैसे कुठून आणायचे, हे तुम्ही विचारणारच. महिना वीस हजार पगार धरला, तर 191 जणींचा वर्षाचा खर्च चार कोटी अठ्ठावन्न लाख चाळीस हजार. मोठ्या पंचायतींना दोघीजणी लागतील. धरा सहा-सात कोटी. आता दुसरी बेरीज करा. सामाजिक सुरक्षा योजनेचे लाभार्थी लाखाच्या वर आहेत. एक लाखच धरले, तरी महिना 2000 प्रमाणे वर्षाला 240 कोटी होतात. शंभर रुपये बँकेत पाठवायला आपण तयार आहोत. ते घेणारी व्यक्ती कशी आहे हे पाहायला वर तीन रुपये जड का व्हावेत?

डिचोली, सत्तरी, सांगे, धारबांदोड्याच्या पंचायतींना तर राज्याच्या तिजोरीकडेही पाहायची गरज नाही. खाणपट्ट्यासाठी जिल्हा खनिज निधी आहे. 2015 च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत या निधीचा मोठा वाटा ज्या प्राधान्याच्या कामांवर खर्च करायचा ती कामे दिली आहेत. त्यांत पाणी आणि आरोग्याबरोबर वृद्ध आणि दिव्यांग यांचे कल्याण असे स्पष्ट लिहिले आहे. आमच्या ग्रामसभांत या निधीतून काय मागितले जाते ते मी ऐकलेले आहे. सभामंडप आणि रस्ते. धूळ खाल्ली ती या म्हाताऱ्यांनी, छातीतली घरघर त्यांची. सभामंडपाच्या खुर्चीपर्यंत चालत येण्याचे त्राण त्यांच्यात नाही.

केरळकडे एकदा पाहून या, तुमच्या अभ्यासदौऱ्यांत ते बसेल. 2008 मध्ये त्या राज्याने वेदनाशामक सेवेचे, म्हणजे असाध्य दुखणेकऱ्यांची घरी जाऊन शुश्रूषा करण्याचे धोरण केले आणि त्यात पंचायतींना मधोमध बसवले. नर्स गाडीतून घरी जाते, जखम धुते, नळी बदलते, घरच्यांना शिकवते. आपल्यापेक्षा म्हातारे असे एकच राज्य होते, आणि त्याने हा धडा आपल्याआधी गिरवला.

जागेचा प्रश्नही फारसा नाही. हे लिहिताना हात जड होतो, तरी लिहिते. पटसंख्येअभावी बंद पडलेल्या सरकारी मराठी शाळांच्या इमारती गावोगाव उभ्या आहेत. आमच्या वाड्यावरची शाळा, जिथे मी बाराखडी घोकली, आता निवडणुकीच्या दिवशी तेवढी उघडते. शाळा बंद व्हाव्यात असे माझे म्हणणे मुळीच नाही. त्या टिकाव्यात म्हणून भांडणाऱ्यांत मीही आहे. पण जी बंद पडलीच आहे तिच्या व्हरांड्यात सकाळी दहा ते चार म्हातारी माणसे बसू द्या. ज्येष्ठांच्या दिवसभराच्या केंद्रांसाठी समाजकल्याण खात्याची उम्मीद नावाची योजना आहे. शाळेला मुतारी आहे, विहीर आहे, पायऱ्या कमी आहेत, आणि तिथे यायला कोणाला लाज वाटत नाही, कारण सगळे तिथे आधी येऊन गेलेले आहेत. वृद्धाश्रम म्हटले की आमच्याकडची माणसे जेवण टाकतात. प्रोवेदोरिया या सार्वजनिक साहाय्य संस्थेचे आश्रम पोर्तुगीज काळापासून निराधारांना आसरा देत आले आहेत आणि ते लागतातच. पण ज्याला घर आहे, त्याला आपली तुळस दिसली पाहिजे.

"मुलांनी बघावे, पंचायतीने कशाला?" हे कोणीतरी म्हणेलच. 2007 चा आईवडिलांच्या निर्वाहाचा कायदा आहे, न्यायाधिकरणापुढे अर्ज करता येतो, घर लिहून घेऊन नंतर न सांभाळणाऱ्याचा व्यवहार रद्दही होऊ शकतो. दुकानात सव्वीस वर्षांत मी अशा तीन जणांना हा कायदा सांगितला. तिघांनीही ऐकून घेतले आणि म्हणाले, "आपल्याच पोरावर?" एकाने तर मुलाच्या डोकेदुखीची गोळी नेली. कायदा असू द्या. त्याच्या भरवशावर कोणी रात्री सुखाने झोपत नाही.

बसबद्दल एकच ओळ. शेजारच्या महाराष्ट्रात 2022 पासून पंचाहत्तरीपुढच्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे. आमच्या आजोबांना तिकिटाचे पैसे द्यायला हरकत नाही. दुसरा पाय पायरीवर येईपर्यंत कंडक्टरने घंटी मारू नये, एवढीच त्यांची इच्छा आहे. ही गोष्ट सरपंच बसमालकाला नाक्यावर उभे राहून सांगू शकतो.

माझी वही अजून आहे, फ्रिजच्या वर. 2021 ची चौदा नावे आता एकतीस झाली; सहांवर मी रेघ मारली आहे. ती वही पंचायतीला द्या, असे एका पंचाने परवा सुचवले. तशी देता येत नाही. लोकांची दुखणी माझ्याकडे विश्वासाने आलेली आहेत. म्हणून गेले दोन आठवडे मी गिऱ्हाइकांना एकेकट्याने विचारते आहे: तुमचे नाव पंचायतीला सांगू का? काहींनी मान हलवली. एक आजी म्हणाल्या, सांग, पण मत कोणाला देते ते सांगू नको. आतापर्यंत अकरा जणांनी होकार दिला आहे. ग्रामसभा रविवारी आहे. दुकान दहाला बंद करून येते, तोवर नवरा आईंजवळ बसेल. अकरा नावांचा कागद सचिवांच्या हाती देईन आणि पोच घेईन.

आपली,
डिचोली तालुक्यातली एक फार्मसीवाली